मदत हवी आहे: सायगुन यांच्या संगीतात मकाम कानाने कसा ओळखायचा?

नमस्कार मंडळी. तुर्की संगीतकार अहमद अदनान सायगुन यांचा 'युनुस एम्रे' हा ओरातोरिओ (गायक, समूहगान आणि वाद्यवृंदासाठीची मोठी रचना, १९४२) सध्या सारखा ऐकतेय. सूफी कवीचे शब्द, पाश्चात्त्य वाद्यवृंद, समूहगान. फार सुंदर आहे. पण एका जागी अडलेय.

मकाम म्हणजे साधारण आपल्या रागासारखी सुरांची चौकट. तुर्की मकाम पद्धतीत एका पूर्ण स्वराचे ९ कोमा (अगदी सूक्ष्म भाग) मानतात, आणि आजच्या प्रचलित सिद्धांतात सप्तकात २४ स्वरस्थानं येतात. पियानोला मात्र बाराच! मग सायगुन किंवा दुसरे तुर्की संगीतकार उल्वी जेमाल एर्किन मकाम वापरतात, तेव्हा त्यातलं नेमकं काय टिकतं? फक्त स्वरावली, की 'सेयिर' म्हणजे मकामाचं चलनसुद्धा? हिंदुस्थानी संगीत ऐकणाऱ्या माझ्या कानाला न्यासाच्या (सूर विसावतो त्या) जागा जाणवतात, पण तो माझा भास तर नाही ना, अशी शंका येते.

लयीचं तसं नाही, ती लगेच कळते. एर्किन यांच्या 'क्योचेक्चे' या वाद्यवृंदरचनेमध्ये (१९४३) ९ मात्रांची २+२+२+३ अशी लंगडती चाल ऐकून बघा, पाय थांबत नाहीत.

शिवाय १९३६ मध्ये हंगेरियन संगीतकार बार्टोक अनातोलियात (तुर्कस्तानाच्या आशियाई भागात) लोकगीतं गोळा करत फिरले, तेव्हा सायगुन त्यांच्यासोबत होते. म्हणजे मला जे मकाम वाटतंय ते मुळात लोकगीतच असेल का?

मकाम शिकलेलं किंवा तुर्कस्तानात राहिलेलं कुणी इथे आहे का? हुसेयनी, हिजाज असे मोजके मकाम आधी नेय (तुर्की बासरी) किंवा तंबूरवर (लांब दांडीचं तुर्की तंतुवाद्य) ऐकावेत, की थेट सायगुनच ऐकत राहावं? तुम्ही सुरुवात कुठून केली असती?