अनुभव: लहानपणी तुम्हाला 'सुवार्ता सांगा' म्हणून पाठवलं होतं का?

नगरची_पोर
काल लेक संडे स्कूलहून आली ती हातात मण्यांचं ब्रेसलेट घालून. पिवळा, काळा, लाल, पांढरा, हिरवा. कोणी विचारलं की सांगायचं म्हणे, पिवळा म्हणजे स्वर्ग, काळा म्हणजे पाप, लाल म्हणजे येशूचं रक्त, पांढरा म्हणजे धुतलेलं मन, हिरवा म्हणजे वाढायचं. सात वर्षांची आहे. लिफ्टमध्ये वरच्या काकूंना गाठून काळ्या मण्यापर्यंत पोचलीसुद्धा, तेवढ्यात आमचा मजला आला आणि मी तिला हाताला धरून ओढलंच बाहेर. मग रात्रभर झोप नाही. का ओढलं मी?

कारण मला आमची 94 सालची व्हीबीएस आठवली, म्हणजे सुट्टीतली बायबल शाळा. मे महिना, नगरचं ऊन, चर्चच्या मागच्या हॉलमध्ये सतरंज्या, दहा वाजता रसना आणि दोन बिस्किटं. नवीन मूल आणलं की एक चांदणी, पाच चांदण्या झाल्या की कंपास पेटी. माझ्या चार झालेल्या. पाचवी म्हणून शेजारच्या वाड्यातल्या मैत्रिणीला नेलं. बाई ते पाच रंगांचं बिनअक्षरी पुस्तक दाखवत होत्या, काळं पान आलं आणि मी तिच्या कानात म्हटलं, "ही तू." मला म्हणायचं होतं आपण सगळे, बाईंनी तसंच सांगितलेलं, पण तोंडातून तू निघालं. ती सावळी होती.

रडली नाही, भांडली नाही. बिस्किटं घेतली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. कंपास पेटी मला मिळाली, दहावीपर्यंत वापरली.

तुमचे अनुभव सांगा. वाद नको प्लीज.

जालनेकर_माई
अगं बाई. वाचून पोटात गलबललं.
कुकर लावलाय, नंतर लिहिते.

आणलेली_मैत्रीण
मी दुसऱ्या बाजूची. म्हणजे ज्यांना 'आणलं' जायचं त्यातली. सोलापूर, रेल्वे लाईन्सकडे राहायचो, समोरच्या घरातली ताई तीन उन्हाळे मला घेऊन गेली, तिला काय मिळायचं ते आज कळलं 😂 मला तर वाटायचं मी आवडते म्हणून नेते. आजही मला बायबलमधल्या पुस्तकांची नावं, उत्पत्ती निर्गम लेवीय गणना अनुवाद यहोशवा शास्ते रूथ, चालीत येतात, भांडी घासताना तोंडात येतं, नवरा म्हणतो हे कुठलं स्तोत्र. आमच्या आजीला कळलं तेव्हा ती ओरडली नाही, फक्त त्या दिवसापासून संध्याकाळी रामरक्षा पाठ करून घ्यायला लागली. त्यामुळे माझं दोन्हीकडचं पाठांतर पक्कं. बक्षीस दोन्हीकडे मिळालं, व्हीबीएसमध्ये पट्टी आणि आजीकडून खडीसाखर.

नगरची_पोर
@आणलेली_मैत्रीण ताईला तुम्ही आवडतच असणार हो. चांदणी वरून.

वसईचा_बाबू
आमच्याकडे कॅथलिकांत हे असं जाऊन सांगणं नव्हतंच फार. धर्मशिक्षणाचा वर्ग रविवारी मिस्सानंतर, म्हणजे चर्चमधल्या उपासनेनंतर, पहिल्या परमप्रसादाची तयारी, प्रार्थना घोकायच्या, सिस्टर पट्टी घेऊन. 'मिशन' म्हणजे ऑक्टोबरातला मिशन संडे, त्या दिवशी चर्चच्या आवारात स्टॉल, आई घरून वडे करून द्यायची, आम्ही पोरं ओरडून विकायचो आणि पैसे मिशनसाठी जायचे. मिशन कुठे आहे ते माहीत नव्हतं, मला वाटायचं विरारच्या पुढे कुठेतरी.
पण नाताळात येशूजन्माचा गोठा करायचो ना अंगणात, गवत, माती, बल्ब, तो बघायला अख्खी आळी यायची. सगळ्या जातीधर्माची पोरं. मेंढरं कमी पडली तर शेजारच्या भंडाऱ्यांच्या पोराने आपला प्लास्टिकचा वाघ आणून ठेवला. तीन वर्षं आमच्या बेथलेहेमात वाघ होता. फादर आले, बघून हसले, काढा म्हणाले नाहीत.

जालनेकर_माई
वाघ 😂😂😂

रविवारची_बाई
मी संडे स्कूल शिकवते, 19 वर्षं झाली, तेव्हा थोडं आमच्या बाजूनेही. ते बिनअक्षरी पुस्तक लंडनच्या स्पर्जन नावाच्या पाळकांचं, 1866 मध्ये त्यांनी तीनच पानांवर प्रवचन केलं होतं, काळं लाल पांढरं. सोनेरी आणि हिरवं मागाहून जोडलं गेलं. ज्या मुलांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फार सोयीचं म्हणून जगभर गेलं. पण आपल्याकडे काळा रंग म्हणजे पाप हे गोऱ्या-सावळ्याच्या वेडात मुलांच्या डोक्यात कसं बसतं याचा विचार कोणी केला नाही, मीही पहिली आठ-दहा वर्षं नाही केला. मग वर्गातल्या एका पोराने विचारलं, बाई माझा रंग धुतला जाईल का. त्या दिवशी मला पुढचं शिकवताच आलं नाही. आता मी अंधार म्हणते आणि खरंच लाईट घालवून दाखवते. पोरं किंचाळतात, मजा येते.
चांदण्या मात्र बंद केल्या. डोकी मोजली की मुलं मैत्रिणी मोजायला लागतात. आता बायबलमधलं 1 पेत्र 3:15 हे वचन पाठ करून घेते, कोणी विचारलं तर उत्तर द्यायला सिद्ध असा, पण सौम्यतेने व भीडस्तपणाने. भीडस्तपणा म्हणजे काय हे समजावण्यातच अर्धा तास जातो.

राहुरीचा_गडी
आमच्या वस्तीवर उलटंच. आम्ही काय कोणाला सांगणार, आम्हालाच शाळेत दूधपावडरवाले म्हणायचे. 72 च्या दुष्काळात मिशनकडून मदत आलेली, त्याच्याही आधीपासून आम्ही ख्रिस्ती, पणजोबा अमेरिकन मराठी मिशनच्या शाळेत चार बुकं शिकलेले, पण लोकांच्या डोक्यात तेच की पावडरसाठी गेले. पाचवीत मला एकाने तोंडावर विचारलं तुझा देव किती किलोला घेतला. घरी येऊन आज्याला सांगितलं. आजा काही बोलला नाही. संध्याकाळी पेटी काढून ओट्यावर बसला, टिळकांची भजनं म्हणायला लागला, ना. वा. टिळकांची, एकदम अभंगाच्या चालीवर, टाळ मृदंगासकट. देवळातून परत येणारे दोन म्हातारे ओट्यावर टेकले, चहा झाला, त्यांनीही टाळ घेतले. ते रोजचंच होतं, मी आधी लक्ष दिलं नव्हतं इतकंच. किलोवाल्या पोराचा आजा त्यातलाच एक निघाला.

मुक्ती_केडगावची_नात
@राहुरीचा_गडी टिळकांचं नाव काढलंत म्हणून. मी शाळेत मराठी शिकवते. 'क्षणोक्षणी पडे उठे' शिकवताना मुलं दरवर्षी हुंदके देतात, आणि कवी ख्रिस्ती होते, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला, हे सांगितलं की वर्गात एकदम शांतता. एकाने विचारलं, मग मराठी कसं येत होतं? आता बोला.
माझी आजी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये वाढलेली, रमाबाईंनी अख्खं बायबल स्वतः मराठीत केलं, बायांनीच खिळे जुळवून छापलं, हे आम्हाला गोष्टीसारखं सांगायची. देवाबद्दल बोल असं नाही म्हणाली कधी. पण बोलायचं तर समोरच्याला कळेल असं बोल, हे रोज.

वकील_दादा
फक्त माहितीसाठी, संविधानाच्या 25 व्या कलमात धर्माचा प्रसार करण्याचा हक्क आहे, पण 1977 मध्ये सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की प्रसार म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करण्याचा हक्क नव्हे. आणि अनुदानित शाळेत अल्पवयीन मुलाला पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षणाला बसवता येत नाही, कलम 28. लिफ्टबद्दल कलम नाही.

स्पष्टवक्ता_77
लहान मुलांना दुसऱ्या लहान मुलांवर सोडणं मला अजिबात पटत नाही. कुठल्याही धर्माचं असो. मोठ्यांनी मोठ्यांशी बोलावं.

रविवारची_बाई
@स्पष्टवक्ता_77 तुमचं बरंचसं पटतं. पण मूल जे आवडतं ते बोलणारच ना, गणपती आला की सोसायटीतली पोरं माझ्या मुलाला आरतीला ओढून नेतात, मोदक देतात, तेही सांगणंच आहे. मी त्याला अडवत नाही.

स्पष्टवक्ता_77
मोदकाला चांदणी मिळत नाही.

रविवारची_बाई
हे बरोबर.

मेलबर्नवासी
इकडे वेगळंच दुखणं. मुलगा 12 चा, मराठी ख्रिस्ती मंडळाच्या कॅरोलला चल म्हटलं तर म्हणतो बाबा क्रिंज होतं. ख्रिस्ती देशात आलो म्हणून आई खूश होती, आणि इथे वर्गात चर्चला जाणारा हा एकटाच, सांगत पण नाही कोणाला. मी नगरला असताना 24 तारखेच्या रात्री डफ वाजवत घरोघर फिरायचो, थंडीत कान दुखायचे, प्रत्येक घरी करंजी आणि शेव, शेवटी पोट बिघडायचं. ते त्याला कसं सांगू?

जालनेकर_माई
करंजीवरून आठवलं, नगरला अजून बेकरीत नानकटाई भाजून मिळते का हो? आम्ही रवा मैदा तूप साखर घेऊन जायचो, डब्यावर नाव चिकटवून, रात्री अकरापर्यंत लाईनीत.

मेलबर्नवासी
मिळते. बहीण गेल्या वर्षी गेली होती. डबे मात्र बदलतात, आमच्याकडे दुसऱ्याच कोणाची आली, आमच्यापेक्षा चांगली होती.

हरेगाव_वारी
हरेगावला मतमाउलीच्या, म्हणजे मारियामातेच्या, यात्रेला सप्टेंबरात या कोणीतरी एकदा. नारळ आणि मेणबत्ती एकाच पिशवीत घेऊन येतात बायका. कोण कोणाला काय सांगतंय तिथे, काही कळत नाही.

स्पष्टवक्ता_77
विषय भरकटला. नानकटाईचा वेगळा धागा काढा.

नगरची_पोर
भरकटू द्या हो.
अपडेट. संध्याकाळी वरच्या काकू स्वतः खाली आल्या, मी दार उघडायच्या आधी मनात माफीची वाक्यं जुळवत होते. त्या म्हणाल्या तुमची मुलगी कालचं अर्धवट सोडून गेली, लाल रंगाचं काय ते सांगायचं राहिलंय. लेक चित्र काढत होती, ब्रेसलेट उशीखाली. म्हणाली थांबा मावशी, आठवते. मग दोघी सोफ्यावर बसल्या आणि मी चहा टाकायला आत गेले. खरं म्हणजे ऐकायचं नव्हतं म्हणून गेले. ओट्याजवळ उभी राहून सगळं ऐकलं. काळा मणी आला तेव्हा काकू म्हणाल्या माझ्या मंगळसूत्रात बघ किती आहेत, आणि लेकीने मोजायला घेतले.

जालनेकर_माई
किती निघाले?

नगरची_पोर
साठानंतर चुकली. चहा उतू गेला.