तिसरीच्या मुलांना डिजिटल साक्षरता म्हणजे नक्की काय शिकवायचं?

वर्गशिक्षिका:
वर्गाला टॅब मिळालेत, आठवड्याला एक तास ठेवलाय आणि जो तो विचारतो कुठलं ॲप टाकलं. माझी अडचण वेगळीच आहे. मुलं व्हिडिओ पटापट सरकवतात, गेम न सांगता शोधून काढतात, पण स्वतः काढलेलं चित्र सेव्ह केल्यावर गेलं कुठे हे सांगता येत नाही, आणि स्क्रीनवर दिसलं की ते खरंच असणार असं धरून चालतात. ॲपमध्ये बरोबर उत्तरावर बोट ठेवत बसणं म्हणजे डिजिटल शिक्षण, हे मला पटत नाही. सुरुवात कुठून करू?

कॉम्प्युटर शिक्षक:
मॅडम, पहिले काही तास टॅब कपाटातच राहू द्या. 'सीएस अनप्लग्ड' म्हणून न्यूझीलंडमधून सुरू झालेला उपक्रम आहे, त्यात कॉम्प्युटरशिवाय कॉम्प्युटर शिकवतात. 5 कार्डांवर 1, 2, 4, 8, 16 ठिपके काढा, पाच मुलांना ओळीत उभं करा आणि एक संख्या सांगा. 13 म्हटलं की 8, 4 आणि 1 वाल्यांनी कार्ड दाखवायचं, बाकीच्यांनी पालथं धरायचं. 0 ते 31 सगळ्या संख्या होतात, आणि फक्त चालू-बंद एवढ्यावर मशीन आकडे कसे धरून ठेवतं हे मुलांना हाताने कळतं. मग स्क्रॅच द्या, म्हणजे स्क्रीनवर सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्रॅम बनवायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे आणि 8 वर्षांपासून पुढच्या मुलांसाठीच बनवलंय. त्याहून लहानांना स्क्रॅच ज्युनिअर, त्यात वाचता यायचीही गरज नाही, नुसती चित्रं जोडायची.

एक पालक:
मला हे मनापासून पटलं, कारण नुसती वस्तू हातात देऊन काही होत नाही. पेरू देशात 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रत्येक मुलाला लॅपटॉप द्यायच्या योजनेखाली मुलांना लॅपटॉप वाटले, 2012 ला 319 शाळांचा अभ्यास आला तर गणितात आणि भाषेत काही फरकच दिसला नाही. शिकवणारं माणूस तयार नसेल तर टॅब हा खर्चच. आणि कृपा करून वहीवर लिहिणं कमी करू नका.

शाळेतली ग्रंथपाल:
'स्क्रीनवरचं सगळं खरं' यावर मी एक करते. मुलांना आधीच माहीत असलेली गोष्ट शोधायला देते, म्हणजे कोळ्याला पाय किती. आठ असतात हे त्यांना ठाऊक असतं, मग सहा पायांच्या कोळ्याचं चित्र सापडलं की वर्गात जो गोंधळ होतो तोच धडा. हे कोणी टाकलं, का टाकलं, जाहिरात आहे का, पुस्तकात काय आहे, हे ती आपणच विचारतात. पासवर्ड मात्र वेगळा शिकवा, घरच्यांना सांगायचा, मित्राला नाही.

वर्गशिक्षिका:
कार्डं उद्याच करते. ग्रंथपाल मॅडम, सहा पायांचा कोळी तुम्ही आधीच शोधून ठेवता का मुलांवर सोडता?

शाळेतली ग्रंथपाल:
दोन-तीन चित्रं काढूनच ठेवते, लहान मुलांना मोकळ्या सर्चवर सोडत नाही.