'भूक नाही' की 'जेवण जात नाही'?

प्रश्न : किडनीच्या जुनाट आजाराच्या रुग्णांसाठी माहितीपत्रक लिहिते आहे. 'अ‍ॅपेटाइट'साठी सगळीकडे 'भूक' वापरलंय, पण रुग्ण काय काय म्हणतात! 'भूकच लागत नाही', 'भूक लागते पण दोन घासांत पोट भरतं', 'अन्नावरची वासनाच उडाली'. हे सगळं एकच का? 'क्षुधा' लिहू का?

उत्तर १ : 'क्षुधा' नको, पत्रक पोथीसारखं वाटेल. आणि नाही, हे एकच नाही. भूक लागणं हे जठरातून सुटणाऱ्या घ्रेलिन या संप्रेरकाशी जोडलेलं आहे. दोन घासांत पोट भरणं ही तृप्तीची बाजू. ती कोलेसिस्टोकायनिन आणि पेप्टाइड वायवाय ही आतड्यातली संप्रेरकं सांभाळतात. किडनी मंदावली की ही दोन्ही रक्तात वाढलेली आढळतात, म्हणून 'पुरे'चा निरोप मेंदूकडे लवकर जातो. अशा माणसाला 'भूक लागते का?' विचारलं तर तो 'हो' म्हणेल आणि ताट तसंच राहील.

उत्तर २ : घ्रेलिनचं जरा सविस्तर लिहायला हवं, कारण तिथे हमखास गोंधळ होतो. आजारात रक्तातलं एकूण घ्रेलिन बऱ्याचदा वाढलेलं असतं, मग भूक का मरते? त्याची दोन रूपं आहेत. मेदाम्ल जोडलेलं रूप भूक चेतवतं, मेदाम्लाविना असलेलं ते काम करत नाही. किडनीतून निचरा नीट झाला नाही की साचतं ते मुख्यतः हे दुसरं. पत्रकात 'भुकेचं संप्रेरक वाढतं' एवढंच लिहिलंत तर वाचणारा चकेल. बाकी १९९९ साली जपानी संशोधकांनी हे नाव ठेवलं ते 'वाढणे' अर्थाच्या धातूवरून, वाढीच्या संप्रेरकाला चालना देतं म्हणून. त्यात भूक कुठेच नाही. तेव्हा 'भूकरस' असला शब्द घडवू नका, 'घ्रेलिन'च राहू द्या.

उत्तर १ : 'वासना उडाली' मात्र निराळं. त्यात तोंडाची चव जाणं, मळमळ, अन्न समोर आलं की शिसारी येणं हे सगळं येतं. रक्तात साचलेली टाकाऊ द्रव्यं हे त्याचं मोठं कारण. 'अरुची' बरोबर आहे, पण घरात कुणी म्हणत नाही.

प्रश्नकर्ती : मग 'भूक' एकटी ठेवत नाही. तीन प्रश्न छापते : भूक लागते का? किती घासांत पोट भरतं? अन्न नकोसं वाटतं का?

उत्तर २ : चौथा घाला : डायलिसिसच्या दिवशी जेवण जातं का? दिवसागणिक उत्तर बदलतं, आणि आहारतज्ज्ञाला नेमकं तेच हवं असतं.