मदत हवी आहे: काकांच्या निकॉर, हेलिओस आणि एफडी लेन्स कुठल्या बॉडीवर लावू?

नमस्कार मंडळी,

काकांनी स्टुडिओ बंद केला आणि लेन्सची पेटी माझ्या हवाली केली. पेटीत निकॉनच्या निकॉर ५० एमएम एफ/१.८ आणि १०५ एमएम एफ/२.५ आहेत, दोन्ही एआय-एस, म्हणजे अ‍ॅपर्चरची (उजेड आत सोडणाऱ्या छिद्राची) रिंग लेन्सवरच. निकॉर एएफ ८०-२०० एफ/२.८ डी आहे, ट्रायपॉड कॉलरवाली. शिवाय एम४२ आट्याची रशियन हेलिओस ४४-२ आणि कॅनन एफडी ५० एमएम एफ/१.४. सगळ्या काचा बॅटरीच्या उजेडात तपासल्या, बुरशी कुठेही नाही. काकांनी फार जपलंय सगळं.

घरात बॉडी दोन: माझा कॅनन २००डी आणि भावाचा सोनी ए६४००. तिसरी जुन्यात घ्यायची तयारी आहे, सध्या निकॉन झेड५ डोळ्यासमोर आहे.

मी कोल्हापूरची, फोटो काढते ते मुख्यतः कुस्तीचे. खासबाग मैदानात बाहेरून काढायचे तर ८०-२०० हीच लेन्स लागणार, आणि ऑटोफोकस नसेल तर डाव कधी पडला ते कळतही नाही. तालमीत वस्तादांची पोर्ट्रेट काढायला मात्र १०५ वर मन बसलंय, तिथे हाताने फोकस करायला वेळ मिळतो.

आतापर्यंत वाचून एवढं लक्षात आलंय की सगळा खेळ माउंटपासून (बॉडीवर लेन्स बसते त्या कडीपासून) सेन्सरपर्यंतच्या अंतराचा आहे. निकॉन एफचं (काकांच्या निकॉरचं) ते ४६.५ मिमी, एम४२ चं ४५.४६, कॅनन ईएफचं (माझ्या २००डी चं) ४४, एफडीचं ४२, सोनी ई चं १८ आणि निकॉन झेडचं १६. ज्या माउंटची लेन्स, त्याचं अंतर बॉडीच्या अंतरापेक्षा जास्त असेल तरच मध्ये अडॅप्टरची रिंग घालायला जागा उरते. इथपर्यंत बरोबर आहे ना?

आता अडलंय ते इथे. एफडी माझ्या २००डी वर लावायला दुकानदार आत काच असलेला अडॅप्टर देतोय, तो घ्यावा का? झेड५ ला निकॉनचा एफटीझेड अडॅप्टर लावला तर ८०-२०० चा ऑटोफोकस चालेल का? दुकानात "निकॉनला निकॉन लागतंच की" एवढंच उत्तर मिळालं. आणि साध्या रिंगा स्वस्तातल्या घेतल्या तर काय बिघडतं? जाणकारांनी कृपया सांगावं, पैसे एकदाच घालवता येणार आहेत.

प्रतिसाद १

काचेचा अडॅप्टर अजिबात घेऊ नकोस. ती काच मूळ लेन्सच्या दर्जाची नसते, एफ/१.४ ला चित्र दुधाळ येतं. आणि काच काढून टाकली तर लेन्स किमान २ मिमी पुढे बसते. ५० एमएमच्या लेन्सला २ मिमी म्हणजे सव्वा मीटरच्या आसपास फोकस संपला, त्यापलीकडचं सगळं धूसर. तीच एफडी सोनीवर लाव, तिथे २४ मिमी मोकळे आहेत, काचेची गरजच नाही. अडॅप्टरवर लॉक आणि ओपन असं लिहिलेली रिंग असेल ती लॉकवर ठेव, नाहीतर लेन्सवरची रिंग फिरवूनही आतली उजेड अडवणारी पाती हलणार नाहीत.

प्रतिसाद २

ताई, सगळ्यात आधी ८०-२०० चं बोलू, कारण तुमचे पैसे तिथे अडकणार आहेत.

लेन्स उलटी धरून मागची धातूची कड बघा. स्क्रूच्या डोक्यासारखी एक खाच दिसेल. तुमच्या या एएफ डी लेन्सच्या आत मोटर नाही, बॉडीतली मोटर त्या खाचेतून फोकस फिरवते. एफटीझेडमध्ये अशी मोटर नाही, एफटीझेड २ मध्येही नाही. झेड५ वर तुमची लेन्स बसेल, अ‍ॅपर्चर बॉडीवरून बदलेल, बॉडीतलं स्थिरीकरणही मिळेल, पण फोकस हातानेच करावा लागेल. कुस्तीला ते कामाचं नाही.

निकॉन ते निकॉन म्हणून सगळं चालतं हे गृहीत धरलं की इथेच फसायला होतं. एफ माउंट १९५९ पासूनचा, आकार तोच राहिला, पण आतले दुवे बदलत गेले. निकॉनच्या डी३००० आणि डी५००० मालिकेच्या कॅमेऱ्यांत फोकसची मोटर नाही. डी७५०० मध्ये मोटर आहे, पण एआय लेन्सच्या रिंगवरून अ‍ॅपर्चर ओळखणारा कडेचा खटका काढून टाकलाय, त्यामुळे तुमच्या ५० आणि १०५ ला मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) मिळणार नाही. डी७२०० आणि डी७५० मध्ये दोन्ही गोष्टी आहेत. मेनूत नॉन-सीपीयू (चिप नसलेल्या) लेन्स डेटा म्हणून जागा आहे, तिथे १०५ आणि २.५ भरून ठेवा. ए आणि एम मोडमध्ये मीटर चालेल, फोकस जुळला की व्ह्यूफाइंडरमध्ये ठिपका स्थिर होईल.

माझं स्पष्ट मत: अडॅप्टरसाठी बॉडी घेऊ नका. ज्या लेन्सला ऑटोफोकस हवाच आहे तिच्यासाठी बॉडी घ्या, बाकीच्यांना अडॅप्टर आहेतच. कमी उजेडासाठी डी७५० फुलफ्रेम (मोठ्या सेन्सरचा) म्हणून उजवा. मैदान लांब पडत असेल तर डी७२०० वर हीच लेन्स १२०-३०० सारखी वागेल.

धागाकर्ती

मनापासून आभार. हे कळलं नसतं तर झेड५ घेऊन बसले असते. मग हेलिओस डी७५० वर चालेल का? आणि ५०, १०५ अधूनमधून २००डी वर लावता येतील?

प्रतिसाद २

हेलिओस निकॉन एफवर नको. ४५.४६ आणि ४६.५ मधला फरक १.०४ मिमी, तोही उलट्या बाजूचा. रिंग कितीही पातळ केली तरी सव्वातीन मीटरच्या आसपास फोकस थांबतो. २००डी वर मात्र बसेल, १.४६ मिमी जागा आहे. फुलफ्रेम कॅननवर काहींचा आरसा हेलिओसच्या मागच्या बाजूला घासतो, २००डी चा आरसा लहान आहे, तुम्हाला तो त्रास नाही.

निकॉर २००डी वर २.५ मिमीच्या रिंगने बसतात. पण तिथे पाती आपोआप मिटत नाहीत. एफ/८ केलं की व्ह्यूफाइंडर अंधारतो. आधी पूर्ण उघडून फोकस करायचा, मग रिंग फिरवायची.

प्रतिसाद ३

म्हणूनच हाताने फोकस करायच्या लेन्स मी सोनीवरच लावते. स्क्रीन आपोआप उजळ राहते, फोकस झालेल्या कडा रंगीत दिसतात, चित्र मोठं करून डोळ्याची बुबुळं तपासता येतात. ए६४०० च्या मेनूत लेन्सशिवाय शटर चालवायची सोय चालू करायला विसरू नका, नाहीतर कॅमेरा लेन्स नाही म्हणून क्लिकच करणार नाही.

स्वस्त रिंगांबद्दल: ढिली बसत असेल तर परत करा. जाडी जरा कमी असली तर फारसं बिघडत नाही, फोकस अनंताच्या थोडा पुढे जातो. जाडी ०.१ मिमीने जरी जास्त झाली तरी ५० एमएमचा फोकस २५ मीटरवर अडकतो. रंकाळ्याच्या काठावरून समोरच्या काठावर फोकस करून बघा, लगेच कळेल. आणि ८०-२०० कशावरही लावा, कॅमेरा बॉडीला धरून उचलू नका. ती सव्वा किलोच्या पुढची आहे, कॉलरला धरायची, नाहीतर सगळा भार माउंटवर येतो.

धागाकर्ती

ठरलं. डी७५० शोधते, आणि सोनीसाठी तीन रिंगा घेते: निकॉन एफ, एम४२ आणि एफडी. जुनी बॉडी घेताना मोटर ठीक आहे हे कसं ओळखायचं?

प्रतिसाद २

दुकानात जाताना ८०-२०० सोबत न्या. तिची अ‍ॅपर्चर रिंग २२ वर नेऊन लॉक करा, नाहीतर बॉडीवर एफईई अशी अक्षरं येतील आणि शटर चालणार नाही. मग दुकानाच्या दारातून रस्त्यापलीकडच्या पाटीवर फोकस करा, लगेच आतल्या कपाटावर, पुन्हा पाटीवर. घरघर मोठी ऐकू येईल, ती या लेन्सची नेहमीचीच आहे. फोकस मध्येच अडखळला किंवा घरघर होऊनही रिंग फिरली नाही, तर ती बॉडी सोडून द्या.