मदत हवी आहे: नदीपलीकडून बंदुकीचे बार काढतात, तक्रार कुठं करायची?

मंडळी नमस्कार, आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले, शेत मलप्रभेच्या काठाला लागून. पलीकडच्या काठावर एकाकडं पीक राखायच्या लायसनची बंदूक आहे आणि भात पोटरीला आलं की रानडुकरांवर बार सुरू होतात. डुकरांचा त्रास खराच, आमचाही निम्मा ऊस लोळवलाय, त्यामुळं त्याचं दुखणं कळतं हो, पण बार निघतो तो थेट नदीवरून आमच्या बाजूला. परवा सकाळी आई धुणं धूत होती तर तिच्यापासून दोन हातांवर दगडाला छर्रे टकटक आदळले, बादलीला पोचा पडलाय. पाण्याला घासून गोळी उसळते नि भलतीकडं जाते हे त्याला सांगून बघितलं, ऐकत नाही.

मी वाचलंय की १९७२च्या वन्यजीव कायद्यात कलम ९ नं शिकारीला बंदी आहे, पिकाची नासधूस करणारं डुक्कर मारायलाही कलम ११ खाली वनखात्याची लेखी परवानगी लागते, नुसतं बंदुकीचं लायसन असून भागत नाही. मग अर्ज आधी आरएफओकडं (वनखात्याचा रेंज ऑफिसर) द्यायचा की पोलिसांत? दुसऱ्याच्या जिवाला धोका म्हणून बीएनएस (भारतीय न्याय संहिता) कलम १२५ लागेल का? लायसन रद्द करा म्हणून डीसी (जिल्हाधिकारी) ऑफिसला वेगळं लिहावं लागतं का? अर्ज कन्नडात लिहून देणारं कुणी असेल तर प्लीज सांगा, आई आता घाटावर जायलाच भितीय.