बटण 'अर्धं दाबा' की आणखी काही?

कानामात्रा: छोट्या डिजिटल कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेचा अनुवाद करतेय. "शटरचं बटण अर्धं दाबा" इथे गाडी अडली आहे. वाचणाऱ्याला वाटतं, बटणाच्या अर्ध्या भागावर बोट ठेवायचं. खरं तर बटणाला दोन टप्पे असतात. बोट किंचित अडतं तिथेच थांबलं की कॅमेरा फोकस आणि एक्स्पोजर (फोटोत उजेड किती घ्यायचा ते) पक्कं करतो, बीप वाजतो, चौकट हिरवी होते. पुढे दाबलं की फोटो निघतो. या पहिल्या टप्प्याला शब्द सुचवा.

भिंगरी: "कळ अडेपर्यंत हलकेच दाबा." कळफलक चालतो, मग कळ का नको?

शुद्धमती: आधी 'शटर' काढा. 'झडप' हा आपला शब्द आहे.

रीळवाला: झडप नको, घोटाळा होईल. या कॅमेऱ्यांत भिंगापुढे दोन पातळ पाती असतात, कॅमेरा सुरू केला की उघडणारी. झडप म्हणजे तीच वाटणार. धूळ बसली की ती अर्धवट उघडतात आणि फोटोच्या कोपऱ्यात काळी सावली येते. अशा वेळी कॅमेरा बंद करून रबरी फुग्याने हवा मारायची. नखाने ढकललं तर पातं वाकतं. शटर हा निराळा भाग, आत असतो; फोटो काढताना किती वेळ उजेड घ्यायचा ते तो ठरवतो.

शुद्धमती: बरं, पण फोकसला 'नाभीयन' म्हणा. शाळेत 'नाभीय अंतर' सगळेच शिकतात.

भिंगरी: फोकस म्हणजे लॅटिनमध्ये चूल. केप्लरने १६०४ मध्ये तो प्रकाशशास्त्रात वापरला. त्यांनी चुलीवर भागवलं, आपल्याला फोकस जड होतो होय?

पाटीपेन्सिल: "नेम धरून ठेवा" कसं वाटतं? अस्सल मराठी आहे, आणि बोट न उचलण्याची सूचनाही त्यातच आली.

रीळवाला: नेम दिशेचा असतो, फोकस अंतराचा. चेहरा मधल्या चौकटीत घेऊन बटण अर्धं दाबायचं, तसंच धरून कॅमेरा बाजूला वळवायचा, मग पूर्ण दाबायचं. दिशा बदलली तरी अंतर तेच राहतं. मात्र मधे एक पाऊल पुढे टाकलंत तर पुन्हा पहिल्यापासून.

कानामात्रा: पुढच्याच पानावर 'ब्लर' आहे. 'धूसर' लिहिलंय.

रीळवाला: एका शब्दात भागणार नाही. फोटो पडद्यावर मोठा करून बघा. दिव्यांच्या ठिपक्यांच्या एकाच दिशेने रेघा झाल्या असतील तर तो 'हललेला'. शटर १/१५ सेकंदाइतकं संथ पडलेलं असतं. आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, ४०० वरून ८०० करा किंवा कॅमेरा टेकवून २ सेकंदांचा टायमर लावा. चेहरा मऊ आणि मागची पानं रेखीव, तर 'फोकस चुकलेला'. तिथे आयएसओ वाढवून काही होत नाही, नुसते दाणे वाढतात.

पाटीपेन्सिल: आणि फूल अगदी जवळून घेताना चौकट हिरवी होतच नाही ते?

रीळवाला: फुलाच्या चिन्हाचा मॅक्रो मोड लावा आणि झूम पूर्ण मागे घ्या. झूम वाढवला की बहुतेक कॅमेऱ्यांना जवळचं दिसत नाही. तरी जमलं नाही तर थोडं मागे सरका.

शुद्धमती: 'मॅक्रो'ला 'समीप' लिहा.

भिंगरी: समीप? फुलाचं चिन्ह छापा, शब्द कशाला हवा!

कानामात्रा: आणि 'अर्धं दाबा'चं काय?