खापरपणजोबांतलं 'खापर' कुठून आलं?

ओसरी : 'कोको' (२०१७) हा मेक्सिकोतल्या मिगेल नावाच्या मुलाचा अ‍ॅनिमेशनपट आमच्या घरी किती वेळा लागला याची मोजदाद मी सोडून दिली आहे. परवा पुन्हा लागला, तेव्हा सात वर्षांच्या लेकीने विचारलं, "तो हेक्तोर मिगेलचा कोण लागतो?" मी बोटं मोजली. बाबा, आजी, पणजी म्हणजे कोको, आणि कोकोचे वडील हेक्तोर. खापरपणजोबा! ती खदाखदा हसली. "खापर?" इथे माझं गाडं अडलं. खापर फोडतात हे ठाऊक आहे, पण ते पणजोबांना का चिकटलं?

तळटीप : संस्कृतात कर्पर किंवा खर्पर म्हणजे कवटी, मडक्याचा तुकडा. आपलं खापर त्यातलंच. नात्यातलं खापरही तेच का, हे छातीठोकपणे सांगवत नाही. घडा फुटला, हाती तुकडा उरला, इतकं लांबचं नातं असा आपला माझा अंदाज. आमच्या घरी मात्र निपणजी, निपणजोबा म्हणतात.

खानदेशी मिरची : तुकडाच का हो? आमच्याकडे खापर चांगलं अख्खं असतं. चुलीवर पालथं घालायचं आणि त्यावर पुरणाचे मांडे भाजायचे. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांच्या नावाने घागर भरतात तेव्हा हेच मांडे आणि आमरस. पितरांचा आणि खापराचा संबंध लावायचाच तर मी चुलीपाशी लावेन.

तळटीप : चवीला तुमची व्युत्पत्ती सरस आहे. पटली नाही तरी.

ओसरी : मांडे वाचून भूक लागली, पण मला तो तुकडाच पटतोय. चित्रपटात घरातल्या फोटोतून हेक्तोरचा चेहरा फाडून टाकलेला असतो. तेवढाच कपटा कोको आयुष्यभर जपून ठेवते. घरात त्याचं नाव काढायची चोरी, गाणं म्हणायचीही चोरी. त्याला ओळखणारी जिवंत माणसांत ती एकटीच उरलेली, आणि तीही विसरत चाललेली. माझ्या आजीची शेवटची दोन वर्षं अशीच गेली. मला ती ओळखत नव्हती, पण ओवी सुरू केली की पुढची ओळ म्हणायची. म्हणून मिगेल गिटार घेऊन कोकोसमोर बसतो तो प्रसंग मी आजही स्वयंपाकघरात उभी राहून बघते. सगळ्यांसमोर रडायला नको.

दर्भ : एक भर घालतो. श्राद्धात पिता वसुरूप, पितामह रुद्ररूप, प्रपितामह आदित्यरूप. नावानिशी पिंड या तिघांना. चौथ्या पिढीपासून नाव नाही, हाताला लागलेला भात पुसतात तेवढा लेप त्यांचा. म्हणजे खापरपणजोबा बरोबर रेघेपलीकडे! मिगेलकडून मोजलं तर कोको तिसरी आणि हेक्तोर चौथा. मेक्सिकोतल्या गोष्टीत ही रेघ तिथेच यावी याचं मला फार नवल वाटलं होतं.

पाटावरवंटा : आणि झेंडू विसरू नका. चित्रपटात मृतांच्या जगाला जोडणारा तो पाकळ्यांचा पूल झेंडूचा. तो मूळचा तिकडचाच. तिथे त्याला सेंपासूचिल म्हणतात. नावाट्ल या मेक्सिकोतल्या जुन्या भाषेतला शब्द, अर्थ 'वीस फुलं'. एका बोंडात किती पाकळ्या, म्हणून वीस म्हणजे पुष्कळ. आपण दसऱ्याच्या तोरणात ओवतो तेव्हा तो परका आहे असं मनातही येत नाही. आमची आई म्हणायची, पणतू बघितला की सोन्याच्या शिडीने स्वर्गात जाता येतं. तिकडे तोच रस्ता झेंडूचा.

ओसरी : दर्भकाका, तुमचं वाचून त्याच रात्री मी आत्याला फोन केला. म्हटलं, आपल्या खापरपणजीचं नाव काय? आत्या लगेच म्हणाली, "लक्ष्मीबाई." हे सासरचं. लग्नात बदललेलं. माहेरचं काय? बराच वेळ गप्प. मग, "ठकू की ठकी, असं काहीतरी बाबा सांगायचे." लेकीला ठकी म्हणजे काय तेही सांगावं लागलं. लाकडाची बाहुली. तिला तेच नाव जास्त आवडलं.

तळटीप : ओसरीताई, जरा थांबा. ठकी हे पाळण्यातलं नाव असेलच असं नाही. पूर्वी धाकट्या मुलीला लाडाने सर्रास ठकी, ठकू म्हणत. 'कोको' तरी कुठे खरं नाव आहे? ते सोकोर्रोचं लाडकं रूप. ठकीच्या मागेही एखादं नाव असणार. आत्यांना पुन्हा विचारून बघा.

ओसरी : विचारलं. आत्या म्हणाली, "मला ठकीच माहीत."